मेमी क्लार्क कोण होत्या, आणि त्यांच्यावर लिहायला मुलांना का सांगतात?

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलांना एक स्वाध्याय मिळतो. पाठ्यपुस्तकात ज्याचं नाव नाही, किंवा असलं तर जेमतेम एका ओळीत आहे, असा एखादा बिगरगोरा मानसशास्त्रज्ञ निवडायचा आणि त्याच्या कामावर लिहायचं. इथून तिकडे शिकायला गेलेली मुलं हे ऐकून बुचकळ्यात पडतात. तिथेच वाढलेल्या मराठी मुलांचे आईवडीलही विचारतात, की विज्ञानात माणसाचा रंग कशाला पाहायचा? प्रयोग बरोबर की चूक, एवढंच पाहावं. वंश आणि विविधता या विषयांवरून तिथल्या विद्यापीठांत सध्या राजकारण तापलेलं असल्यामुळे ही शंका आणखी धारदार झाली आहे.

शंका रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवं. बिगरगोरे म्हणजे कोण, ते आधी सांगतो: कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाचे, अमेरिकेतले मूळ निवासी, आशियाई. म्हणजे त्यात आपणही आलो. पण या स्वाध्यायाचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासात आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ. कृष्णवर्णीय मुलांवर बाहुल्यांचा प्रसिद्ध प्रयोग करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेमी क्लार्क तिथेच पुढे भेटतील.

## नावं गळाली कशी?

फ्रान्सिस सेसिल समनर हे अमेरिकेत मानसशास्त्राची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. जन्म १८९५ चा, अर्कान्सॉ राज्यातला. हायस्कूलचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. आईवडिलांनी घरीच शिकवलं होतं आणि प्रवेशपरीक्षा देऊन ते पंधराव्या वर्षी लिंकन विद्यापीठात दाखल झाले. पुढे क्लार्क विद्यापीठात जी. स्टॅन्ली हॉल या नामवंत मानसशास्त्रज्ञांकडे संशोधन सुरू असतानाच पहिल्या महायुद्धात सैन्यभरती झाली आणि फ्रान्सला जावं लागलं. परत येऊन १९२० मध्ये त्यांनी पदवी घेतली. प्रबंध होता फ्रॉइड आणि ॲडलर यांच्या मनोविश्लेषणावर.

एवढी मजल मारलेल्या माणसाला पुढे मोठ्या विद्यापीठांत जागा मिळणं जवळपास अशक्य होतं. कृष्णवर्णीयांसाठीच्या कॉलेजांत शिकवायचं, हाच रस्ता होता. तिथे तासांचा डोंगर असायचा, प्रयोगशाळा नावापुरती, संशोधनाला पैसा नाही. समनर १९२८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले आणि १९५४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतल्या हजारो शोधनिबंधांचे सारांश त्यांनी इंग्रजी नियतकालिकांसाठी तयार केले. अशा कामाला पाठ्यपुस्तकात जागा मिळत नाही. दुसऱ्यांचं संशोधन पोचवणारा माणूस स्वतः मागे राहतो.

दरवाजा किती अरुंद होता, याचा एक आकडा पुरेसा आहे. १९२० ते १९६६ या काळात अमेरिकेतल्या दहा सर्वांत नामवंत मानसशास्त्र विभागांनी ३,७०० हून अधिक पीएच.डी. दिल्या. त्यातल्या आठ कृष्णवर्णीयांना मिळाल्या.

ही सगळी हकिगत आज सांगता येते ती बऱ्याच अंशी रॉबर्ट गथ्री यांच्यामुळे. ते स्वतः कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. त्यांनी जुनी दप्तरं धुंडाळून १९७६ मध्ये एक पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘उंदीरसुद्धा गोराच होता’ असा होतो. संशोधक गोरे, ज्यांच्यावर प्रयोग केले तेही गोरे आणि प्रयोगशाळेतला उंदीरही पांढरा, हा त्या नावातला रोख. मुलांना आज जो स्वाध्याय मिळतो, त्याची वाट या पुस्तकाने मोकळी केली.

## विज्ञानाला रंग असतो का?

निष्कर्षाला रंग नसतो. पण कोणता प्रश्न विचारायचा हे माणूस ठरवतो, आणि तो ज्या बाजूला उभा असेल तिथून त्याला काही गोष्टी दिसतात, काही दिसत नाहीत. भाजीवाल्याच्या तराजूला पासंग असेल तर विकणाऱ्याला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. दर वेळी पिशवी हलकी घेऊन घरी जाणाऱ्याला मात्र पहिली शंका येते. मानसशास्त्राच्या इतिहासात हे ढळढळीत दिसतं ते बुद्धिमापन चाचण्यांच्या प्रकरणात.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने साडेसतरा लाखांच्या आसपास जवानांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. रॉबर्ट यर्क्स हे त्यांचे सूत्रधार. निकाल वंशानुसार मांडले गेले. कृष्णवर्णीयांची सरासरी खाली आली आणि त्यावरून त्यांची बुद्धी जन्मतःच कमी, असा अर्थ काढला गेला. कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये या आकड्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं.

त्याच आकड्यांकडे होरेस मान बाँड नावाच्या विशीतल्या कृष्णवर्णीय तरुणाने वेगळ्या नजरेने पाहिलं. १९२४ मध्ये ‘क्रायसिस’ या मासिकातल्या लेखात त्याने राज्यवार आकडे मांडले. उत्तरेकडच्या इलिनॉय, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांतले कृष्णवर्णीय जवान दक्षिणेतल्या काही राज्यांच्या गोऱ्या जवानांपेक्षा वरचढ ठरले होते. बुद्धी वंशाने ठरत असेल तर असं होणार नाही. शाळा कशी मिळाली, यावर गुण ठरत असतील तर नेमकं असंच होईल. बाँड यांनी नवी आकडेवारी गोळा केली नव्हती. ती सगळ्यांसमोर होती. तिला हा प्रश्न विचारण्याची गरज तोवर फारशी कोणाला वाटली नव्हती, एवढंच. ब्रिगम यांनी पुढे १९३० मध्ये आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले.

हर्मन कॅनडी यांनी आणखी एक साधी गोष्ट तपासली. चाचणी घेणारा कोण आहे? १९३६ मध्ये छापलेल्या अभ्यासात त्यांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या चाचण्या दोन्ही वर्णांच्या परीक्षकांकडून घेतल्या. परीक्षक आपल्यासारखा असला की मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने सहाएक गुणांनी वर जाई आणि परका असला की तेवढाच खाली. बुद्ध्यंक म्हणजे त्याच वयाच्या मुलांच्या तुलनेत मूल चाचणीत कुठे बसतं ते सांगणारा आकडा. मुलाच्या डोक्यातलं काहीतरी मोजतो अशी ज्याची ख्याती, तो आकडा समोर कोण बसलं आहे यावरही हलत होता.

मेक्सिकन वंशाचे जॉर्ज सँचेझ यांनी १९३० च्या दशकात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या इंग्रजीतून घेतलेल्या चाचण्यांबद्दल हाच आक्षेप घेतला. ज्या भाषेत मूल जेवण मागत नाही, त्या भाषेत त्याची बुद्धी कशी मोजणार? मराठी माध्यमातून इंग्रजीत गेलेल्या कोणालाही हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

## बाहुल्यांचा प्रयोग कोणाचा?

आता मेमी फिप्स क्लार्क यांच्याकडे येऊ. त्यांच्यापाशी मुद्दाम जास्त रेंगाळणार आहे, कारण काम जगप्रसिद्ध आणि कर्ती मागे, असं उदाहरण यापेक्षा स्पष्ट मिळणं कठीण.

मेमी १९१७ मध्ये अर्कान्सॉतल्या हॉट स्प्रिंग्ज गावात जन्मल्या. वडील डॉक्टर. शाळा, दुकानं, दवाखाने, सगळीकडे काळ्यांची आणि गोऱ्यांची सोय वेगळी होती. हॉवर्ड विद्यापीठात त्या गणित शिकायला गेल्या. तिथे मानसशास्त्र शिकणारे केनेथ क्लार्क भेटले आणि मेमी या विषयाकडे वळल्या. पुढे त्या दोघांनी लग्न केलं. हॉवर्डमध्ये तो विभाग उभा केला होता समनर यांनीच. पदवीनंतर १९३८ च्या उन्हाळ्यात त्यांनी वॉशिंग्टनमधल्या एका वकिली कार्यालयात काम केलं. वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध लढणाऱ्या वकिलांची तिथे ये-जा असे. ही लढाई जिंकता येईल असं त्यांना तिथे प्रथम वाटलं.

एम.ए.च्या प्रबंधासाठी त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: आपण काळे आहोत हे लहान मुलाला केव्हा कळतं आणि कळल्यावर त्याला काय वाटतं? बालवाडीच्या वयाच्या मुलांना त्यांनी रेखाचित्रं दाखवली आणि यातला तू कोणता, असं विचारलं. याच कामातून बाहुल्यांचा प्रयोग निघाला.

चार बाहुल्या, लंगोटातल्या, हुबेहूब सारख्या. दोन तपकिरी अंगाच्या, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. तीन ते सात वर्षांची २५३ कृष्णवर्णीय मुलं. १३४ अर्कान्सॉतली, जिथे शाळा वर्णानुसार विभागलेल्या होत्या. ११९ मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डमधली, जिथे काळी-गोरी मुलं एकत्र शिकत. सूचना सोप्या होत्या. खेळायला आवडेल ती बाहुली दे. चांगली बाहुली दे. वाईट दिसते ती दे. आणि शेवटी: तुझ्यासारखी दिसते ती दे.

१९४७ मध्ये निकाल छापून आले. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली उचलली. ५९ टक्क्यांना गोरी बाहुली चांगली वाटली आणि ५९ टक्क्यांनी वाईट दिसणारी म्हणून तपकिरी बाहुली पुढे केली. शेवटच्या सूचनेला काही मुलं कोलमडली. उत्तरेतली काही रडली, खोलीतून पळून गेली. अर्कान्सॉतल्या एका मुलाने हसत तपकिरी बाहुलीकडे बोट दाखवलं आणि गोरे लोक काळ्यांना उद्देशून जी शिवी वापरत, ती स्वतःला लावली. केनेथ क्लार्क यांना या हसण्याने रडण्याइतकंच अस्वस्थ केलं. मलाही ते हसणं जास्त लागतं, कारण त्या मुलाला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

दरम्यान मेमी कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी.ला गेल्या. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ जिथे शिकले, तेच विद्यापीठ. मार्गदर्शक म्हणून त्यांनी हेन्री गॅरेट यांना निवडलं, आणि गॅरेट वर्णभेदाचे उघड समर्थक होते. १९४३ मध्ये पदवी मिळाली. कोलंबियाच्या मानसशास्त्र विभागात त्यांच्याआधी एकाच कृष्णवर्णीयाला पीएच.डी. मिळाली होती, केनेथ यांना. पण नोकरी मिळेना. केनेथ प्राध्यापक झाले. मेमी यांना परिचारिकांविषयीच्या माहितीचे तक्ते करण्यासारखी, शिक्षणापेक्षा कितीतरी खालची कामं करावी लागली.

पुढे शाळांतला वर्णभेद न्यायालयात गेला तेव्हा वकिलांनी क्लार्क दांपत्याचं संशोधन मांडलं. व्हर्जिनियातल्या खटल्यात राज्याच्या बाजूने साक्ष द्यायला गॅरेट उभे राहिले आणि त्यांना खोडून काढायला त्यांचीच विद्यार्थिनी, मेमी क्लार्क. १७ मे १९५४ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की विभक्त शाळा घटनेला धरून नाहीत. निकालाच्या अकराव्या तळटिपेत समाजशास्त्रीय आणि मानसशास्त्रीय आधार दिले आहेत. त्यात पहिलं नाव केनेथ क्लार्क यांचं आहे. मेमी यांचं नाव नाही. केनेथ यांनी नंतर सांगितलं, की मूळ काम मेमीचं, मी त्यात मागाहून शिरलो. पण तोवर पाठ्यपुस्तकं छापून झाली होती.

## काम चांगलं असतं तर नाव झालंच असतं ना?

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. नाव होण्यासाठी काम चांगलं असावं लागतं हे खरं. पण त्याबरोबर विद्यापीठातली जागा लागते, हाताखाली संशोधक विद्यार्थी लागतात, परिषदांची आमंत्रणं लागतात, उद्धृत करणारे सहकारी लागतात. मेमी यांच्याकडे यातलं जवळपास काही नव्हतं. १९४६ मध्ये त्यांनी वडिलांकडून ९४६ डॉलर उसने घेऊन केनेथ यांच्यासोबत हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मुलांसाठी एक केंद्र उघडलं, तेच पुढचं नॉर्थसाइड सेंटर. सरकारी शाळा ज्या मुलांना मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात टाकत, त्यातल्या अनेकांची तिथे पुन्हा चाचणी झाली आणि ती मतिमंद नाहीत असं निघालं. १९७९ पर्यंत मेमी हे केंद्र चालवत होत्या. यातून शेकडो घरांचं नशीब बदललं असेल, पण शोधनिबंधांची यादी लांबत नाही. आणि त्याच १९४६ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष कोण होते? हेन्री गॅरेट.

या संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्णद्वेषातल्या आपल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली.

## ही विज्ञानातली राखीव जागा तर नाही?

आपल्याकडे हा प्रश्न येणारच. स्वाध्यायात कोणाला रंगावरून गुण द्यायचे नसतात. काम वाचायचं असतं, पारखायचं असतं आणि ते कच्चं असेल तर तसं लिहायचं असतं. बाहुल्यांचा प्रयोगही त्यातून सुटत नाही. बारकाईने पाहिलं तर गोरी बाहुली पसंत करण्याचं प्रमाण उत्तरेतल्या एकत्र शाळांतल्या मुलांमध्ये जास्त होतं. मग विभक्त शाळांनी मुलांचं मन दुखावलं, हे या प्रयोगातून सिद्ध होतं का? सरळ रेषेत तरी नाही. समाजभर पसरलेला वर्णभेद मुलांच्या मनात उतरतो, एवढं त्यातून दिसतं. एकट्या शाळेचा वाटा किती, ते वेगळं काढता येत नाही. न्यायालयासाठी दक्षिण कॅरोलायनात केनेथ यांनी जी चाचणी घेतली, तिच्यात तर १६ मुलं होती. त्यातल्या ११ जणांनी तपकिरी बाहुली वाईट म्हटली. आकडा मनाला भिडतो, पण नमुना फार लहान आहे. विद्यार्थ्याने हे सगळं लिहावं. मेमी क्लार्क यांचा मान त्याने कमी होत नाही. उलट त्यांना संशोधक म्हणून गांभीर्याने घेतलं, असा त्याचा अर्थ होतो.

इनेझ बेव्हर्ली प्रॉसर यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. टेक्ससमध्ये वाढलेल्या या शिक्षिकेला तिथलं राज्य विद्यापीठ प्रवेश देणार नव्हतं, म्हणून त्या एम.ए.साठी कोलोरॅडोला गेल्या आणि १९३३ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. त्यांनी मिश्र आणि विभक्त शाळांतल्या कृष्णवर्णीय मुलांची तुलना केली: न्यूनगंड, शिक्षकांशी नातं, घरच्यांशी नातं. निष्कर्ष असा, की बऱ्याच मुलांना कृष्णवर्णीय शिक्षकांच्या विभक्त शाळेत अधिक सुरक्षित वाटतं. म्हणजे क्लार्क यांच्या संशोधनावरून जो युक्तिवाद झाला, त्याच्या बरोबर उलट. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, लुइझियानात मोटार अपघातात त्या गेल्या आणि हा वाद पुढे नेणं त्यांना जमलं नाही.

प्रॉसर चुकल्या का? मला तसं वाटत नाही. मूल ज्या वर्गात बसतं तिथला शिक्षक त्याच्याकडे कसा पाहतो, हे त्यांनी मोजलं. कायद्याने सगळ्यांना एका वर्गात बसवलं तरी हा प्रश्न संपत नाही. १९५४ नंतर शाळा एकत्र करताना दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि प्रॉसर यांच्या प्रश्नाचं वजन तेव्हा कळलं. स्वाध्यायासाठी माझ्याकडे कोणी एक नाव मागितलं, तर मी प्रॉसर यांचं देईन. आजच्या सोयीच्या मताशी त्या जुळत नाहीत, म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिताना विचार करावा लागतो.

## ‘पहिली’, ‘पहिला’ लिहिताना जपून

प्रॉसर यांना मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणतात. काहीजण तो मान रूथ हॉवर्ड यांना देतात, कारण प्रॉसर यांची पदवी शैक्षणिक मानसशास्त्रातली. हॉवर्ड यांनी १९३४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून पीएच.डी. घेतली, तिळ्या भावंडांच्या वाढीवर. दोघींच्या कामाबद्दल एक अक्षर न वाचता पहिली कोण यावर दोन पानं लिहिणारे विद्यार्थी असतात. ती दोन पानं तिळ्यांच्या अभ्यासाला दिली तर वाचणाऱ्याचं भलं होईल.

## भारतीय माणूस चालेल का?

शिक्षकांनी फक्त अमेरिकेतला असं बंधन घातलं नसेल, तर जरूर. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि त्यात ते मान डोलावत बसले नाहीत. युरोपीय रुग्णांवरून बांधलेले सिद्धांत आपल्या बंगाली रुग्णांना जसेच्या तसे लागू होत नाहीत, असं त्यांनी फ्रॉइडलाच कळवलं.

त्याहून जवळचं नाव व्ही. व्ही. कामत यांचं. मुलाच्या बौद्धिक वाढीबद्दल शंका आल्यावर आपल्याकडे समुपदेशकाकडे किंवा सरकारी रुग्णालयात गेलेल्या कित्येक पालकांनी ‘बिने-कामत चाचणी’ हे शब्द अहवालावर वाचलेले असतात. त्यातले बिने हे फ्रान्सचे, त्यांची ओळख मानसशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडते. कामत कोण, हे मात्र चाचणी घेणाऱ्यांपैकीही फार थोडे सांगू शकतात. त्यांनी धारवाडला काम करून ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९४० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. चाचणीचे निकष जुने झाले, अशी टीका आज होते आणि ती योग्य आहे. पण त्या वेळी पॅरिसच्या किंवा अमेरिकेच्या मुलांसाठी ठरवलेले प्रश्न इथल्या मुलांना तसेच विचारून त्यांना मंद ठरवणं सहज शक्य होतं. विद्यार्थ्याला मराठी येत असेल, तर मराठी चाचणीतले प्रश्न आणि मूळ बिनेचे प्रश्न शेजारी ठेवून कुठला का बदलला, हे त्याला स्वतः तपासता येईल. अमेरिकेतल्या वर्गात हे काम करू शकणारा बहुधा तो एकटाच असेल.